डोक्याला मार लागल्यानंतरची चक्कर : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

या महिन्याच्या टपालात एकच तक्रार वेगवेगळ्या गावांहून आली आहे. डोक्याला मार लागला, सीटी स्कॅन नॉर्मल आला, जखम भरली, पण चक्कर काही जात नाही. निवडक पत्रांना सविस्तर उत्तरं देत आहोत.

त्याआधी एक सूचना. मार नुकताच लागला असेल आणि डोकेदुखी वाढत चालली असेल, पुन्हा पुन्हा उलटी होत असेल, माणूस हलवूनही नीट जागा होत नसेल, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसत असेल, जीभ जड झाली असेल, एक हात किंवा पाय साथ देत नसेल किंवा फिट आली असेल, तर वाचत बसू नका. १०८ ला फोन करा. मानेत नव्याने जोरात दुखू लागलं आणि सोबत एकाचे दोन दिसू लागले, तर तीही तातडीचीच वेळ. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाल्यावर असं होऊ शकतं.

प्रश्न : वय ४६. तीन आठवड्यांपूर्वी पावसात स्कूटर घसरली. हेल्मेट होतं, तरी डोक्याची उजवी बाजू रस्त्यावर आपटली. सीटी स्कॅन चांगला आला. पाचव्या दिवसापासून पहाटे उजव्या कुशीवर वळलं की खोली गरगर फिरते. अर्ध्या-पाऊण मिनिटात थांबते. दोरीवर कपडे टाकायला वर पाहिलं तरी तेच. सासूबाई पित्त म्हणतात, शेजारचे मानेचा मणका म्हणतात. नक्की काय आहे? — एक वाचिका, चिंचवड

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी फार मोलाच्या आहेत. चक्कर डोक्याच्या ठरावीक हालचालीनेच येते, आणि मिनिटाच्या आत थांबते. पित्ताची मळमळ कूस बघून येत नाही. मानेच्या दुखण्यात तोल गेल्यासारखं वाटतं, पण खोली अशी गरगरत नाही. हे बहुधा आंतरकर्णातल्या सुटलेल्या कणांचं दुखणं आहे. डॉक्टर त्याला बीपीपीव्ही म्हणतात.

आंतरकर्णात युट्रिकल नावाची एक छोटी पिशवी असते. तिच्या आतल्या चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे कण बसलेले असतात. एकेक कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. डोकं आपटलं की त्या हिसक्याने काही कण सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकांत उतरतात. तीन नलिकांपैकी मागची सर्वांत खालच्या पातळीवर असल्यामुळे कण बहुतेक वेळा तिथेच अडकतात. तुम्ही कूस बदलता, कण घरंगळतात, नलिकेतला द्रव ढकलला जातो आणि डोकं स्थिर असूनही ते फिरतंय असा निरोप मेंदूला जातो. कण तळाला टेकले की चक्कर थांबते. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाडाची मोड दिसते. हे कण दिसत नाहीत. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आणि त्रास खरा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य आहेत.

निदानाला यंत्र लागत नाही. डिक्स आणि हॉलपाइक या डॉक्टरांनी १९५२ साली सांगितलेली चाचणी आजही तीच चालते. रुग्णाला बसवून मान एका बाजूला ४५ अंश वळवतात आणि चटकन मागे झोपवतात, डोकं कॉटच्या कडेखाली थोडं लोंबतं ठेवून. काही सेकंदांनी चक्कर सुरू होते आणि डोळे विशिष्ट पद्धतीने, गोल फिरत, कपाळाच्या दिशेने झटके मारतात. ज्या बाजूला हे दिसतं, तो कान दोषी. त्रास होत असताना घरच्या कुणाला तरी तुमच्या उघड्या डोळ्यांचा मोबाइलवर जवळून, चांगल्या उजेडात व्हिडिओ काढायला सांगा. डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो. डोळे सरळ खाली, पायांच्या दिशेने झटके मारत असतील, तर दुखणं कानाचं नसून मेंदूचं असू शकतं आणि एमआरआयचा विचार करावा लागतो.

उपचार आहे डॉ. एप्ले यांनी बसवलेली युक्ती. १९९२ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. कण गुरुत्वाकर्षणाने नलिकेतून फिरवून पुन्हा युट्रिकलमध्ये नेऊन सोडायचे, एवढंच तिचं तत्त्व. तुमच्या बाबतीत मार लागलेला असल्यामुळे पहिल्यांदा ती कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा या कामातल्या फिजिओथेरपिस्टकडूनच करून घ्या. मानेच्या मणक्याला इजा नाही ना, आणि दोषी कान कोणता, या दोन्ही गोष्टी ठरल्याशिवाय घरी करू नये. पुढे घरी करायची वेळ आली तर उजव्या कानासाठी क्रम असा.

पलंगावर पाय पसरून बसा. मागे उशी अशी ठेवा की झोपल्यावर ती खांद्यांखाली येईल, डोक्याखाली नाही. मान उजवीकडे ४५ अंश वळवा, म्हणजे नाक समोर आणि उजवा खांदा यांच्या मधोमध. तशीच मान ठेवून चटकन मागे झोपा; डोकं उशीच्या पलीकडे किंचित मागे कललेलं राहील. चक्कर येईल. ती थांबेपर्यंत आणि वर आणखी ३० सेकंद हलू नका. मग डोकं न उचलता डावीकडे ९० अंश फिरवा. आता नाक डाव्या खांद्याकडे ४५ अंशांत येईल. एक मिनिट थांबा. नंतर सगळं शरीर डाव्या कुशीवर वळवा आणि डोकंही आणखी ९० अंश फिरवा, इतकं की नाक जमिनीकडे तिरकं रोखलेलं असेल. पुन्हा एक मिनिट. शेवटी पाय पलंगाखाली सोडत डाव्या कुशीवरून उठून बसा, हनुवटी छातीकडे झुकवलेली ठेवून. बसल्यावर क्षणभर जोरात झोक जाऊ शकतो, म्हणून शेजारी कुणीतरी हवंच. पुढची दहा-पंधरा मिनिटं उठून चालू नका.

ही युक्ती फसते ती बहुतेक ठरावीक जागीच. दुसऱ्या स्थितीतून तिसऱ्या स्थितीत जाताना लोक डोकं उचलतात आणि कण आल्या वाटेने मागे घसरतात. चक्करेने घाबरून मध्येच उठून बसतात, तेव्हाही तेच होतं. काही जण स्थिती पाच-दहा सेकंदांत बदलतात. कणांना सरकायला वेळच मिळत नाही. आणि कान चुकीचा निवडला असेल, तर कितीही नेटाने केलं तरी फरक पडत नाही. उलट्यांचा फार त्रास होत असेल, तर डॉक्टरांना विचारून अर्धा तास आधी उलटीची एक गोळी घेता येते.

पूर्वी या उपचारानंतर दोन रात्री बसून झोपायला सांगत. त्याची गरज नाही. त्याच रात्रीपासून नेहमीसारखं झोपा.

साध्या बीपीपीव्हीत बहुतेकांना एक-दोन वेळांत आराम पडतो. मार लागल्यानंतरच्या प्रकारात मात्र धीर धरावा लागतो. दोन्ही कानांत किंवा एकाहून अधिक नलिकांत कण असण्याचं प्रमाण इथे जास्त, आणि दुखणं उलटण्याचंही. दोन्हींपैकी कोणत्याही कुशीवर वळलं तरी सारखीच चक्कर येते असं असेल, तर कण आडव्या नलिकेत असू शकतात. तिथे एप्लेचा उपयोग नाही. आडवं झोपून चांगल्या कानाच्या दिशेने टप्प्याटप्प्याने पूर्ण गिरकी घेण्याची वेगळी पद्धत आहे. ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणीही करून घ्या. ते कमी असेल तर भरून काढल्याने पुन्हा त्रास होण्याचं प्रमाण घटतं.

प्रश्न : वय ६१. शिडीवरून पडल्यावर चक्कर सुरू झाली. सात महिने सिनारिझिन आणि बीटाहिस्टीन या चक्करेच्या गोळ्या चालू आहेत. गोळी चुकली की भीती वाटते. हल्ली उजवा हात थोडा थरथरतो, चालणंही मंदावलं आहे. — एक वाचक, अकोला

थरथर आणि मंदावलेली चाल ही पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. सिनारिझिन वयस्क माणसाला दीर्घकाळ दिलं तर कंपवातासारखी लक्षणं निर्माण करू शकतं. उलटी-चक्करेवरचं प्रोक्लोरपेराझिनही तेच करू शकतं. याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा, सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या आणि 'हे या गोळीमुळे असेल का?' असं थेट विचारा. औषधाने आलेली लक्षणं ते बंद केल्यावर पुष्कळदा कमी होतात, पण त्याला काही महिने लागू शकतात. गोळ्या मनाने एकदम तोडू नका.

चक्करेचा आवेग दाबणाऱ्या गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी असतात, उलट्या थांबेपर्यंत. त्यानंतर मेंदूला बिघडलेल्या कानाशी जुळवून घ्यायचं असतं आणि त्यासाठी चुकीचे संदेश त्याच्यापर्यंत पोचावे लागतात. ते संदेशच दाबून ठेवले तर जुळवणी लांबते. बीटाहिस्टीनमुळे मेंदू असा सुस्तावत नाही, पण सुटलेले कण कोणतीही गोळी जागेवर बसवत नाही. सात महिने गोळ्या चालू असून पहिल्या उत्तरात सांगितलेली, मान वळवून चटकन मागे झोपवण्याची चाचणी तुमची कधी झालीच नसेल, तर आधी ती करून घ्या.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. महिन्यापूर्वी न्हाणीघरात पाय घसरून डोकं नळावर आपटलं. टेंगूळ आलं, बाकी काही नाही म्हणून स्कॅन केला नाही. हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. आठ दिवसांपासून चालताना झोक जातो, दुपारी फार झोपतात, कालपासून लघवीचं भान राहत नाही. वयामुळे असेल का? — एक वाचक, सांगली

वयामुळे माणूस आठ दिवसांत असा बदलत नाही. हे पत्र हाती आल्या आल्याच आम्ही वाचकाला सीटी स्कॅन आजच करण्याबद्दल कळवलं. इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून इथे छापत आहोत.

वयानुसार मेंदू थोडा आकसतो आणि त्याच्यावरून कवटीकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. किरकोळ आपटण्यानेही त्यातली एखादी फुटते. रक्त थेंबाथेंबाने साचत राहतं आणि लक्षणं दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतात. तोपर्यंत घरचे ते पडणं विसरून गेलेले असतात. झोक जाणं, एक पाय ओढत चालणं, पेंगणं, गोंधळणं, लघवीवरचा ताबा सुटणं, ही त्याची ओळख. वेळेत सापडलं तर कवटीला लहान छिद्र पाडून साचलेलं रक्त काढतात आणि पुष्कळ रुग्ण चांगले सुधारतात. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याचं डोकं आपटलं, तर टेंगूळ केवढं आहे हे न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावं. गोळी मात्र घरच्या घरी बंद करू नका. हृदयातल्या कृत्रिम झडपेसाठी किंवा स्टेंटसाठी दिलेली गोळी थांबवण्यातही जिवाला धोका असतो.

रक्त साचलेलं नसेल, तर उठताना बीपी उतरतं का ते पाहावं. पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी मोजायचं, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला, तर बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्यांचा डॉक्टरांकडून फेरविचार हवा. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्यांनी हे आवर्जून तपासावं.

प्रश्न : अपघातानंतर उजव्या कानाने कमी ऐकू येतं. प्रेशर कुकरची शिट्टी झाली किंवा शौचाला जोर केला की गरगरतं. आई रोज कानात कोमट तेल घालते. कपालभाती सुरू केली तर चालेल का? — एक वाचक, नाशिक

तेल आजपासून बंद. डोक्याला मार लागल्यावर कानाचा पडदा फाटलेला असू शकतो किंवा कानामागच्या हाडाला तडा गेलेला असू शकतो. तेल त्यातून थेट आत जाऊन संसर्ग होतो. कापसाचा घट्ट बोळाही नको. कपालभाती, भस्त्रिका, जलनेती, शीर्षासन यांतलं काहीही तपासणीशिवाय करू नका.

मोठ्या आवाजाने किंवा जोर केल्याने चक्कर येणं म्हणजे आंतरकर्णातला द्रव मध्यकर्णात झिरपत असल्याची शंका घ्यायला हवी. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन श्रवणतपासणी आणि कानाच्या हाडाचा बारीक कापांचा सीटी स्कॅन करा. डोक्याच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये हा भाग पुरेसा तपशिलात दिसत नाही. तोवर उशाकडची बाजू उंच ठेवून झोपा, जड उचलू नका, नाक जोरात शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवा, इसबगोल घेऊन पोट साफ ठेवा. विमानप्रवास टाळा.

ऐकू कमी येणं वेगवेगळ्या कारणांनी असतं. पडद्यामागे साचलेलं रक्त काही आठवड्यांत जिरतं आणि ऐकू येऊ लागतं. तसं झालं नाही तर कानातली साखळीची हाडं निखळली आहेत का पाहतात, ती शस्त्रक्रियेने जोडता येतात. नसेला इजा असेल तर उपचार जितका लवकर तितका बरा. वाकल्यावर नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव गळणं, किंवा चेहऱ्याची एक बाजू ढिली पडणं, यांपैकी काही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका.

प्रश्न : वय ३३, आयटीत नोकरी. चार महिन्यांपूर्वी डोकं आपटलं. गरगरत नाही, पण दिवसभर तरंगल्यासारखं वाटतं. मॉलमध्ये, गर्दीच्या स्टेशनवर, मोबाइल स्क्रोल करताना वाढतं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. मी विश्रांती वाढवत नेली आहे, तरी फरक नाही. — एक वाचिका, ठाणे

विश्रांती वाढवत नेल्यामुळेच फरक पडत नसण्याची शक्यता मोठी आहे. मार लागल्यावर मेंदूचा कानाच्या संदेशांवरचा भरवसा उडतो आणि तो तोल सांभाळण्यासाठी डोळ्यांवर विसंबतो. मग डोळ्यांसमोर हलणारं काहीही आलं, की माणूसच हलल्यासारखा होतो. तीन महिन्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस असं राहिलं, की पीपीपीडी, म्हणजे तरंगल्यासारखी टिकून राहणारी चक्कर, या निदानाचा विचार करतात. त्याचे निकष २०१७ साली ठरले. हा मनाचा खेळ नाही. काळजीने तो वाढतो, हेही खरं. सोबत अर्धशिशीसारखी डोकेदुखी असेल, उजेड सहन होत नसेल, तर तिचा उपचार वेगळा करावा लागतो.

यावर उपाय म्हणजे मेंदूला पुन्हा सवय लावणारे व्यायाम. पोस्टकार्डावर बोटाच्या पेराएवढं एक अक्षर काढा आणि भिंतीवर डोळ्यांच्या पातळीला, हाताच्या अंतरावर चिकटवा. नजर अक्षरावर खिळवून डोकं 'नाही' म्हणतो तसं दोन्हीकडे साधारण २०-२० अंश हलवा. अक्षर पुसट झालं तर वेग कमी करा. अक्षर स्पष्ट राहील तितकाच तुमचा आजचा वेग. सुरुवात बसून ३० सेकंदांनी, मग उभं राहून एक मिनिट. नंतर 'हो' म्हणतो तसं वर-खाली. दिवसातून तीन ते पाच वेळा. आठवडाभराने कोऱ्या भिंतीऐवजी नक्षीच्या पडद्यावर कार्ड लावा. तोलासाठी खोलीच्या कोपऱ्यात, समोर खुर्ची ठेवून, पाय जुळवून ३० सेकंद उभं राहा. जमलं की डोळे मिटून. तेही जमलं की घडी घातलेल्या गोधडीवर.

शून्य ते दहा मोजपट्टीवर चक्कर दोन अंकांनी वाढली तर योग्य व्यायाम झाला. पंधरा-वीस मिनिटांत ती बसली पाहिजे. तासभर टिकली तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा, बंद करू नका. व्यायाम सोडून देणारे बहुतेक जण इथेच सोडतात. रोज २० मिनिटं भरभर चाला. मॉलला जायचं तर आधी कामाच्या दिवशी सकाळी, दहा मिनिटांसाठी.

पेनाचं टोक हळूहळू नाकाकडे आणून पाहा. सहा सेंटिमीटरच्या अलीकडे यायच्या आधीच एकाचे दोन दिसत असतील, तर डोळे जवळ वळवण्याची ताकद कमी झाली आहे. स्क्रीनपुढचा त्रास त्यामुळेही होतो आणि नेत्रतज्ज्ञांकडे त्याचे व्यायाम मिळतात. तीन महिन्यांत सुधारणा नसेल तर न्यूरॉलॉजिस्ट एसएसआरआय गटातलं औषध सुचवू शकतात. ते नैराश्याच्या औषधांच्या यादीत आहे म्हणून बिचकू नका.

प्रश्न : भाऊ १९ वर्षांचा. दहीहंडीच्या सरावात तिसऱ्या थरावरून पडला. दोन मिनिटं गोंधळलेला होता. स्कॅन नॉर्मल. चौथ्याच दिवशी पथकात परत जायचं म्हणतो, पण जिना चढताना अजून चक्कर येते. — एक वाचिका, मुंबई

चक्कर येत असताना थरावर नाही. सावरण्याआधी पुन्हा मार लागला तर इजा कितीतरी गंभीर होऊ शकते, आणि त्याचा पाय डगमगला तर खालची मुलंही पडतात. पहिले २४ ते ४८ तास हलकी विश्रांती आणि कमीत कमी मोबाइल. मग चालणं, नंतर जॉगिंग, नंतर जमिनीवरचा सराव. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, त्रास वाढला तर एक पायरी मागे. त्रास पूर्ण गेल्यावर आणि डॉक्टरांनी पाहिल्यावरच थर. दहा दिवसांनंतरही चक्कर असेल, तर फिजिओथेरपी सुरू करा.

प्रश्न : वायरमन आहे. चक्कर बरीच कमी झाली. खांबावर कधी चढू? दुचाकी आणि विहिरीत पोहणं चालेल का? — एक वाचक, कणकवली

आधी जमिनीवर तपासून पाहा. अंगणात चालताना दर तीन पावलांनी मान डावी-उजवीकडे वळवा. पाऊल वाकडं पडता कामा नये. उभं राहून वर आकाशाकडे दहा सेकंद पाहा, मग पटकन पायांकडे. दोन आठवडे हे रोज विनात्रास जमलं, मान वळवून मागे झोपवण्याची चाचणी स्वच्छ आली आणि गुंगी आणणारी गोळी चालू नसेल, तर डॉक्टरांच्या लेखी परवानगीने आधी दोन-चार पायऱ्यांची शिडी, खाली माणूस उभा ठेवून. खांबावर सेफ्टी बेल्ट न चुकता. दुचाकी चालवताना मागे वळून पाहावं लागतं. त्या हालचालीने गरगरत असेल तोवर मागच्या सीटवर बसा, हेल्मेट घालून.

विहीर सर्वांत शेवटी, आणि एकट्याने कधीच नाही. पाण्याखाली पायाला जमीन लागत नाही आणि डोळे मिटलेले असतात, त्यामुळे वर कुठे हे फक्त आंतरकर्णच सांगतो. तो चुकला तर पट्टीचा पोहणाराही तळाकडे हात मारत जातो. सुरुवात कमरेइतक्या पाण्यात, काठावर माणूस ठेवून करा. तिथे डोळे मिटून डोकं बुडवल्यावर दिशा कळते का ते पाहा, आणि ती कळत नसेल तर उडी मारू नका.